घटाखालची माती

आमच्या घरी माती हा शब्द आई चारचौघांत उच्चारत नसे. माझ्या पीएच.डी.बद्दल कुणी विचारलं की "ॲग्रिकल्चरमध्ये रिसर्च करते" एवढं सांगून ती विषय बदलायची. कुणी फारच खोदून विचारलं तर "लॅबमध्ये असते दिवसभर" असं म्हणायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या याव्यात. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. अयोध्या नगरातल्या आमच्या गल्लीत बहुतेक मराठी घरं अशीच, कुणी साताऱ्याकडचं, कुणी नागपूरचं, कुणी ग्वाल्हेरचं. नोकरीपायी भोपाळला आले आणि इथेच घरं बांधून राहिले. त्यांची मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला कॉम्प्युटरसमोर बसतात. मी सत्ताविसाव्या वर्षी लाकडी हातोडीने ढेकळं फोडते.

लाज एकट्या आईला वाटत होती असं नाही. ऑटोवाल्याने "मॅडम क्या करती हैं" विचारलं की मीही "सायन्टिस्ट" म्हणून टाकायचे आणि नखांतली माती दिसू नये म्हणून मुठी मिटायचे. वर पुन्हा आईने मातीचं नाव टाळलं की मला राग यायचा. असा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

माझा विषय तणनाशकाचा. सोयाबीनमधलं गवत मरावं म्हणून शेतकरी औषध मारतात. सोयाबीन निघालं की त्याच रानात गहू पेरतात. आता ते औषध आपल्या काळ्या मातीत किती काळ टिकतं आणि मागून येणाऱ्या पिकाला त्रास देतं का, हे मला शोधायचं आहे. त्यासाठी संस्थेच्या शेतावर माझे छोटे छोटे वाफे आहेत. काहींत औषध अजिबात नाही, काहींत बाटलीवर लिहिलंय तेवढं, आणि काहींत दुप्पट, कारण प्रत्यक्षात लोकांचा हात सैलच सुटतो. सोयाबीन निघाल्यावर औषध उरलं तरी गव्हाला बाधणार नाही, असं माझ्या गाइडचं मत होतं आणि म्हणून माझंही होतं. प्रबंधाचा आराखडा मी त्याच भरवशावर लिहिला होता.

गेल्या वर्षी सोयाबीन निघालं आणि मी वाफ्यावाफ्यांतून माती काढली. ही माती आधी सावलीत सुकवायची, मग कुटायची, मग चाळायची. चाळलेल्या मातीचा ढीग करून तो भाकरीसारखा पसरायचा, पट्टीने त्यावर फुली मारायची, म्हणजे चार भाग होतात. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच, शेवटी अर्धा किलो राहीपर्यंत. ठेवलेल्या मातीला पिशवी, चिठ्ठी, नंबर, सगळा मानसन्मान. टाकलेल्या मातीला घमेलं. मी ज्या क्षणी ती घमेल्यात ढकलते त्या क्षणी ती माझ्या डोक्यातून जाते. कुठल्या वाफ्याची, किती औषधाची, काही उरत नाही, फक्त टाकाऊ.

हे सगळं व्हायला हवं संस्थेत. पण परतीच्या पावसाने आमच्या सुकवणखोलीचं छत गळायला लागलं होतं. गाइड म्हणाले, "घर पर सुखा लो, बस धूप मत लगने देना." सगळेच तसं करतात. हॉस्टेलवरच्या एकीने तिच्या मातीचे ट्रे स्वतःच्या खाटेखाली ठेवले होते. मी माझ्या पिशव्या ऑटोत घालून घरी आणल्या आणि गच्चीवरच्या खोलीत ट्रेंमध्ये वर्तमानपत्रं पसरून माती वाळत घातली. आईने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी मावशीकडची मंडळी येणार होती तर तिने सगळ्या ट्रेंवर जुनी साडी पांघरली. "पापड आहेत म्हण," ती मला म्हणाली. मी चिडून दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात, मी संस्थेत असताना, तिचा फोन आला. मशीनवर माझा नंबर लागायची वेळ झाली होती आणि पुढचा मुलगा उठायला तयार नव्हता. मी त्याच्याशी हुज्जत घालत होते.

"अगं, ती कोपऱ्यातल्या घमेल्यांतली माती कामाची आहे का तुझ्या?"

"नाही. टाकायचीच आहे ती."

"मग मी घेऊ?"

"घे."

"सगळी?"

"घे ना आई, सगळी घे. ठेवू आता?"

कशाला हवी, हे मी विचारलं नाही. तुळशीला घालेल, कुंडीत घालेल, असंही काही मनात आलं नाही. माझ्या मनात काहीच आलं नाही. मला ती फक्त फोनवरून जायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. संध्याकाळी घरी आले तर देवघरात घट बसलेला. पत्रावळीवर काळ्याभोर मातीचं आळं, त्यात गहू, ज्वारी, मका पेरलेले, मधे तांब्याचा कलश, वर नारळ, शेजारी नंदादीप. माती इतकी बारीक आणि एकसारखी होती की रव्याच्या शिऱ्यावर दाणे टोचल्यासारखे दिसत होते. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली माती कशी दिसते ते मला झोपेतही ओळखता येतं.

आईचा चेहरा इतका फुललेला मी याआधी पाहिला नव्हता. दरवर्षी घटाच्या मातीची रड असायची. बायपासच्या बाजूला शेतं होती तेव्हा बाबा सायकलवरून थैलीभर माती आणायचे. तिथे आता इमारती झाल्या. नर्सरीवाला देतो त्यात अर्धी वाळू आणि अर्धा कोकोपीट, आणि आईच्या मते घटाला शेतातली काळीच माती लागते. "या वर्षी कुणाला काही शोधावं लागलं नाही," ती म्हणाली. "गल्लीतल्या पाचही घरी मीच दिली. म्हटलं, आमच्या हिच्या संशोधनाची माती आहे, ती चाळूनबिळून ठेवते सगळी. समोरच्या काकू तर म्हणाल्या, अशी मिट्टी बाजारात मिळतच नाही, पोरीनं नाव काढलं तुमच्या."

म्हणजे माझी माती आईने पहिल्यांदा चारचौघांत मिरवली होती, आणि ती ही माती होती.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. घमेल्यांत सगळ्या वाफ्यांची माती होती, बिनऔषधाची आणि दुप्पट औषधाचीही, एकावर एक टाकलेली. त्याच वेळी बाहेर येऊन सांगायला हवं होतं. फार तर पत्रावळी बदलल्या असत्या, पाच घरी जरा धावपळ झाली असती, आईला थोडं ओशाळं वाटलं असतं. मी सांगितलं नाही. एकतर आई इतकी खूश होती. आणि दुसरं, मी मनाशी म्हटलं, अख्खा पावसाळा गेलाय त्या मातीवरून, औषध कशाला उरतंय. माझा आराखडाच तसं म्हणत होता. मी माझ्याच आराखड्याची साक्ष काढली आणि हात धुऊन जेवायला बसले.

तिसऱ्या माळेला दाणे फुटले. मला इतकं हलकं वाटलं की आईबरोबर आरतीला मी मोठ्याने टाळ्या वाजवल्या. पाचव्या माळेला मात्र ते तिथेच होते. एरवी या दिवसांत घटाचं धन चार-पाच बोटं होऊन कलशाला टेकायला लागतं. देवघरात उजेड कमी म्हणून ते पिवळसरच असतं, पण सरसरून वाढतं. आमचं दोन बोटं येऊन थांबलं होतं आणि पात्यांच्या टोकांना जांभळट छटा आली होती. शेजारच्या हिंदी भाषिक घरात नर्सरीच्या त्याच वाळू मिसळलेल्या मातीत जवारे पेरले होते. त्यांची दाट, उंच रांग खिडकीतून दिसत होती.

आई अंघोळीला गेली तेव्हा मी देवघरात बसले आणि पत्रावळीच्या कडेचं एक रोप बोटाने उपसलं. मूळ आखूड, जाडसर, त्याला बाटली धुवायच्या ब्रशासारखे आखूड आखूड केस फुटलेले. पुस्तकातलं चित्र माझ्या बोटांत होतं. औषध उरलं होतं, आणि गव्हाला बाधत होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिताना आजही मान खाली जाते. मला आनंद झाला. सापडलं, असं वाटलं. गाइडचं मत चुकीचं निघणार, माझ्या प्रबंधात दम येणार. नंदादीपाशेजारी हातात खुरटलेलं रोप धरून मी हसत बसले होते. आईचं दार वाजलं तसं मी ते मातीत खुपसलं आणि हात जोडले.

पुढे मी आणखी घसरले. सहाव्या माळेला मी गल्लीतल्या बाकीच्या घरी दर्शनाला गेले. दरवर्षी मला ओढून न्यावं लागतं, त्या वर्षी मी आपण होऊन निघाले तर आईला कोण कौतुक. प्रत्येक घरी मी वाकून नमस्कार करायचे आणि वाकल्या वाकल्या बोटाच्या पेराने पात्यांची उंची मोजायचे. "किती छान मांडलंय, फोटो काढते हं," म्हणायचे. बायका कौतुकाने बाजूला सरकायच्या, एकीने तर समई जरा पुढे ओढली, फोटोत नीट यावी म्हणून. मी मुळांजवळचा फोटो काढत होते. पाचही घरी तेच, कुठे कमी, कुठे जास्त. मला ते निरीक्षण म्हणून कामाचंही नव्हतं, कारण माती मिसळलेली होती आणि कुठल्या घरी किती औषध गेलं याचा पत्ता नव्हता. तरी मी काढले फोटो. हाव म्हणतात ती हीच असावी.

समोरच्या काकूंकडे सगळ्यात वाईट स्थिती होती. या काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. आमची दोन्ही दारं समोरासमोर, त्यांच्या आणि आमच्या भाज्यांची जा-ये मी जन्मल्यापासूनची. काका बाबांबरोबर कारखान्यात होते. उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, तपासण्या झाल्या, आणि दसरा झाला की लगेच बायपास करायचं ठरलं होतं. अरेरा कॉलनीतल्या इस्पितळात तारीख घेतलेली होती. काका स्वतः मजेत होते. "डॉक्टरपेक्षा हिची देवी सीनियर आहे," ते म्हणायचे, "तिनं सही केली की मी आडवा पडायला मोकळा."

त्यांच्या घटात धन जेमतेम नखाएवढं वर आलं होतं आणि मधला सगळा भाग नुसताच काळा, उघडा. काकू त्याच्यासमोर पाटावर बसल्या होत्या. मी फोन हातात घेतला तो पुन्हा खिशात ठेवला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "चाळीस बरस झाली मी घट बसवते, असं कधीच झालं नाही. मी यंदा काय मागितलं होतं तिला तुला माहितीय ना?"

"काकू..."

"तिनं नाही म्हटलं. साफ नाही म्हटलं. मी अस्पतालमध्ये सांगून टाकलंय, आत्ता ऑपरेशन नको. दिवाळीनंतर बघू. मुहूर्त चांगला निघाला तर बघू."

आतून काका आले. खोलीच्या या दारापासून त्या खुर्चीपर्यंत येताना ते मधे टेबलाला धरून थांबले. मग खुर्चीत बसून मला डोळा मारला आणि म्हणाले, "बघ, देवीनं माझी रजा नामंजूर केली." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मी काकूंजवळ बसले. "काकू, हा कौल वगैरे नाही. मातीतच दोष आहे. अशा मातीत धान्य वाढतच नाही."

"दोष कसा असेल? तुझ्या हातची मिट्टी, इतकी साफ."

"साफ दिसते, पण तिच्यात... कधी कधी काही उरलेलं असतं. त्याने मुळं वाढत नाहीत."

कधी कधी. काही. असे शब्द मी वापरले. काकूंची सोडवणूकही व्हावी आणि माझ्या अंगाला काही लागूही नये, असं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं, पण छान जमलं.

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. डोळे भरले होते त्यांचे. "बेटा, तू माझं मन राखायला बोलतेस, कळत नाही का मला? तू लहानपणापासून अशीच आहेस, कुणाचं वाईट बघवत नाही तुला. बस झालं, तू फिकर नको करू." आणि त्यांनी माझ्या हातावर साखरेचा प्रसाद ठेवला.

तो प्रसाद मी तोंडात टाकला आणि रस्ता ओलांडून घरी आले. आई उपासाचं सारण भाजत होती. गॅस बंद कर, म्हटलं, आणि एका दमात सगळं सांगितलं. वाफे, औषध, दुप्पट, घमेली. काकूंनी ऑपरेशन थांबवलं तेही.

आईने झाऱ्याने सारण एकदा खालीवर केलं.

"विष आहे का ते?"

"विष नाही गं. तणनाशक. त्याने गवत मरतं."

"गहू म्हणजे गवतच की."

"हो."

"मग झालं." तिने झारा बाजूला ठेवला. "तुला कधी कळलं?"

मला खोटं बोलायला वाव होता. आज कळलं, असं म्हणता आलं असतं. पण तिने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि मला ते जमलं नाही. "घट बसला त्याच दिवशी."

ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, आमचं तसंच चालतं. तिने गॅस पुन्हा लावला आणि सारण भाजायला घेतलं, आणि मी तिथे उभी आहे हे जणू तिला दिसतच नव्हतं.

अष्टमीला दुपारी काकूंकडे गल्लीतल्या बायका आरतीला जमतात. त्या दिवशी आरतीत कुणाचा आवाजच लागत नव्हता. पाचही घरी तोच प्रकार, आणि आता त्या एकमेकींना हळू आवाजात सांगू लागल्या होत्या. कुणाच्या मुलाचं लग्न ठरायचं होतं, कुणाची बदली अडली होती. सगळ्यांचे डोळे फिरून काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे जात होते. काका आत झोपून होते.

आरती संपली तशी आई उठली. "सगळ्याजणी जरा आमच्याकडे चला," ती म्हणाली. घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत, म्हणून ती त्यांनाच घटापाशी घेऊन आली. आमच्या घटावर तिने दोन दिवस झेंडूची फुलं दाट पसरून ठेवली होती, बाहेरून आलेल्याला धन दिसू नये अशी. ती तिने सगळ्यांसमोर एकेक करून उचलली. खाली आमचंही तसंच खुरटलेलं.

"हे बघा," ती म्हणाली. "माझ्याही घरी असंच. देवीचा काही कौल नाही. माती खराब होती. त्या मातीवर गवत मारायचं औषध मारलेलं आहे, हिचा तोच अभ्यास आहे. ती मी तुम्हाला वाटली."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी होते. आता मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, निदान मला तसं वाटतं.

"हिला विचारलं नाही मी," आई म्हणाली. "ही तिकडे कामावर होती. मी गच्चीवर गेले आणि आपली घमेली उपसली. चांगली चाळलेली दिसली, म्हटलं कशाला विचारायचं. हिला परवा कळलं, तेव्हापासून बिचारी तुम्हाला सांगायला बघतेय."

माझ्या हातात ताट होतं. ते खाली ठेवून "नाही, तिने विचारलं होतं, मीच घे म्हटलं" एवढं बोलायचं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी कणव होती. ती मला हवीहवीशी वाटली. मी मान खाली घातली, तीसुद्धा त्यांना शालीनता वाटली असेल.

काकू पुढे झाल्या. "म्हणजे देवीच्या खाली तू दवाई पसरलीस?" त्या घटाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आणि मी रात्रंदिवस तिच्यासमोर रडतेय, की माझं काय चुकलं? यांचं ऑपरेशन रोकलं मी! काही झालं असतं तर?"

"चुकलं माझं," आई म्हणाली.

"चुकलं काय, चुकलं! एवढी शिकलेली मुलगी घरात, तिला एक शब्द विचारायचा नाही? अशी कशी गं तू?"

आई उचललेली फुलं परडीत गोळा करायला लागली. दुसरीने काहीतरी सारवासारव केली, तिसरी चपला शोधायला लागली. काकू तरातरा घरी गेल्या आणि त्यांच्या उघड्या दारातून फोनवरचं त्यांचं हिंदी आम्हाला ऐकू आलं. तारीख तीच ठेवा म्हणून त्या इस्पितळातल्या कुणाची तरी विनवणी करत होत्या. तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिली गेली नव्हती. मिळाली.

बायका गेल्यावर आई फुलं पुन्हा घटावर पसरत होती. मी तिच्याजवळ गेले. "आई, तू असं का सांगितलंस?"

"तुझं अजून सगळं व्हायचंय," ती म्हणाली. "डिग्री व्हायचीय, नाव व्हायचंय. रिसर्च करणाऱ्या मुलीनं असली माती घरोघर दिली म्हटल्यावर कोण विचारणार तुला? माझं काय जातंय."

"पण मीच तर..."

"बस कर आता."

मी बस केलं. लगेच केलं. तिने दुसऱ्यांदा सांगायचीही वेळ येऊ दिली नाही. खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि मला रडू आलं, पण त्या रडण्यात निम्मी सुटका होती हे मला तेव्हाही कळत होतं. बाबांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं, काय झालं म्हणे दुपारी? आईने त्यांनाही तेच सांगितलं, मला न विचारता माती उचलली म्हणून. बाबा तिला म्हणाले, "तुला दहा वेळा सांगितलंय, पोरीच्या सामानाला हात लावू नकोस." मी वरणभात कालवत होते.

दसऱ्याला संध्याकाळी गल्लीतले सगळे एकमेकांच्या घरी सोनं द्यायला निघतात. आम्ही तिघं आमच्या फाटकाशी उभे होतो. आईने नवी साडी नेसली होती. तिच्या एका हातात पेढ्यांचा डबा होता, दुसऱ्या हातात आपट्याची पानं. अष्टमीपासून काकू आमच्याकडे आल्या नव्हत्या, आणि आईने सकाळी पाठवलेली वाटी तशीच, झाकणासकट परत आली होती. तरीही त्या येताना दिसल्या तशी आई दोन पावलं पुढे गेली. मागून काका सावकाश येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना इस्पितळात दाखल व्हायचं होतं.

काकू आधी माझ्याकडे आल्या. माझ्या हातात पान ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "तू होतीस म्हणून, बेटा," त्या म्हणाल्या. "तू सांगायला आलीस, मीच मानलं नाही. यांचं सगळं ठीक झालं ना, तर ते तुझ्यामुळे." मग त्यांनी बाबांना पान दिलं, आणि वळून काकांचा हात धरला. आई मधे उभी होती. तिचा पान धरलेला हात पुढे आलेला होता. काकूंनी तो पाहिला, आणि त्या बाजूने निघून गेल्या. काकांनी जाता जाता आईच्या हातातलं पान घेतलं आणि खिशात घातलं.

फाटकाबाहेर गेल्यावर काकूंना काहीतरी आठवलं. त्या थांबल्या, मागे वळल्या, आणि आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला म्हणाल्या, "आईवर जरा लक्ष ठेव हं. विचारत नाही कुणाला, काहीबाही उचलते."

आई माझ्या शेजारी होती. तिच्या साडीचा पदर माझ्या कोपराला लागत होता.

"हो काकू," मी म्हणाले. "ठेवते."